आमच्या छोट्या तळ्याचं मातीचं धरण, त्यातला पाझर आणि दुरुस्ती

आमच्या तळ्याच्या धरणाचं काम जवळजवळ संपलंय, आणि ज्यांच्याकडे असं लहान खाजगी तळं आणि त्याला मातीचं धरण आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जे जे झालं ते सविस्तर लिहितोय. धरण फार मोठं नाही, सगळ्यात खोल जागी साधारण सहा मीटर उंच, माथ्यावरून एक गाडी आरामात जाईल एवढी रुंदी, एका टोकाला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट, आणि मधोमध भरावाच्या तळातून गेलेला जुना पन्हळी लोखंडी पाइप. वडिलांनी जागा घेतली तेव्हा धरण होतंच, कोणी बांधलं, आत कुठली माती घातली याचा एक कागद नाही, आणि लहान धरणांच्या बाबतीत बहुतेकांची हीच परिस्थिती असते.

सुरुवात झाली ओलीपासून. धरणाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याशी, पाइपच्या तोंडाच्या डावीकडे एक पट्टा होता, आजूबाजूचं सगळं गवत वाळलं तरी तिथलं हिरवंगार असायचं. आधी तिथे नुसती ओल होती, मग एकदा चालताना बूट रुतला आणि बुटाच्या खड्ड्यात बघता बघता पाणी भरलं. दादा म्हणाला मातीचं धरण आहे, थोडं झिरपणारच. आणि ते खरंच आहे, प्रत्येक मातीच्या धरणातून पाणी झिरपतं. भरावाच्या आत पाण्याची एक पातळी असते, तळ्याकडे उंच आणि कोरड्या बाजूकडे उतरत जाणारी, तिच्या खालची माती कायम भिजलेली. इंजिनिअर मॅडमना फोन केला तर त्यांनी किती पाणी येतंय हे नंतर विचारलं, पहिला प्रश्न होता, "पाण्याबरोबर माती येतेय का?" पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरलं.

हे कसं बघायचं तर अगदी साधं. काचेची स्वच्छ बरणी घ्यायची, पाझराचं पाणी जिथून बाहेर येतं तिथे हात न लावता, खालचा गाळ न ढवळता भरायची आणि रात्रभर कुठेतरी हलणार नाही अशी ठेवायची. सकाळी तळाशी काय बसलंय ते बघायचं. बरणीवर तारीख, तळ्याची पातळी लिहायची. आमच्या खिडकीत अशा बरण्यांची रांगच लागली होती. आधीच्या बरण्या स्वच्छ, मग एकीच्या तळाशी पिवळसर धूळ बसावी तसा पातळ थर, पुढच्यात तोच थर जरा जाड. पाणी नुसत्या डोळ्यांना स्वच्छच दिसत होतं हे लक्षात घ्या, थर बरणीतच कळला.

माती येणं इतकं गंभीर का, तर पाणी बाहेर पडतं त्या जागेवरचा एक कण सुटतो, मग त्याच्या मागचा सुटतो, आणि अशी वाट बाहेरून आत, तळ्याच्या दिशेने पोखरत जाते. वाट जितकी आत जाईल तितकं पाण्याला अंतर कमी पडतं, जोर वाढतो, आणखी माती वाहते. याला पायपिंग म्हणतात. बाहेरून धरण ठणठणीत दिसतं, वर गवत, माथा सरळ, आणि आत बोगदा होत असतो. अमेरिकेत आयडाहोतलं टेटन धरण, 93 मीटर उंच, नवीन, पहिल्यांदाच भरत होतं, 5 जून 1976 ला सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. आमचं तळं त्याच्यापुढे काहीच नाही, पण खालच्या अंगाला वस्ती आहे, लहान मुलं ओढ्यावर खेळतात. म्हणून बरणीत थर दिसला त्याच दिवशी मी आणि दादा खालच्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आलो. काही लपवलं नाही. त्यांचे नंबर घेतले, आमचे दिले, रात्री फोन आला तर कुठल्या उंच जागेकडे जायचं ते ठरवलं. लोक चिडतील असं वाटत होतं, उलट एक आजोबा म्हणाले बरं झालं सांगितलंत, आता आम्हीपण लक्ष ठेवतो, आणि ते खरंच रोज सकाळी ओढ्याचा रंग बघून फोन करायचे.

मॅडम येऊन बघून गेल्या आणि मोजमाप सुरू झालं. पाझराचं सगळं पाणी एका छोट्या चरात गोळा केलं आणि आडवी एक पत्र्याची पाटी रोवली, तिला 90 अंशाची व्ही आकाराची खाच, हिला व्ही नॉच म्हणतात. खाचेत पाणी किती उंच चढलंय ते मोजायचं, जरा मागे, पाणी संथ असतं तिथे. चार सेंटीमीटरला सेकंदाला अर्ध्या लिटरच्या आत, पाच सेंटीमीटरला पाऊण लिटरच्या आसपास, आणि दहा सेंटीमीटरला चार लिटरच्या वर. म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींच्या वर जातं, त्यामुळे एक सेंटीमीटरचा फरकसुद्धा वहीत दिसला पाहिजे. पाटीच्या मागे पाणी साचतं तिथे तळाला मॅडमनी पांढरा प्लास्टिकचा तुकडा ठेवायला लावला, त्यावर माती बसली की लगेच दिसते, नंतर नंतर बरणीपेक्षा तोच जास्त कामाला आला.

वही नीट ठेवण्याचा फायदा असा की तळ्याची पातळी आणि पाझर शेजारी शेजारी लिहिले की चित्र स्पष्ट होतं. पाऊस पडून तळं चढलं आणि पाझर वाढला तर ते साहजिक आहे. आमच्याकडे तळं उतरत होतं आणि पाझर वाढत होता. मॅडम वही बघून एवढंच म्हणाल्या, "आता थांबायचं नाही."

या काळात ज्याला त्याला एकच सल्ला द्यायचा होता, की जिथून पाणी येतंय तिथे दोन गाड्या चिकणमाती टाका आणि दाबून टाका, गळती बंद. हितचिंतकच होते सगळे, पण हे अजिबात करू नये. कोरड्या बाजूला तोंड बुजवलं तर पाणी आत कोंडतं, भरावातली पातळी चढते, दुसरीकडून फुटतं किंवा अख्खा उतार भिजून घसरतो. पाण्याला वाट द्यायची आणि माती अडवायची, हे तत्त्व. त्यासाठी मॅडमनी लगेच तिथे आधी स्वच्छ वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी असे थर टाकून घेतले, म्हणजे फिल्टर. वाळू एवढी बारीक की मातीचे कण निसटू नयेत, आणि एवढी जाड की पाणी तुंबू नये, आणि वरचा प्रत्येक थर खालच्या थराला धरून ठेवेल असा. कणांच्या आकाराचं हे गणित कार्ल टेरझागी या इंजिनिअरनी गेल्या शतकात घालून दिलं आणि आजही त्याच पायावर फिल्टर ठरतात. थर टाकल्यावर पाणी येतच राहिलं, पण पांढरा तुकडा पांढरा राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा घरात कोणीतरी नीट जेवलं.

हा तात्पुरता इलाज होता. खरी दुरुस्ती करायची तर तळं उतरवणं भाग होतं, आणि जुन्या पाइपचा व्हॉल्व्ह गंजून जाम झालेला. जोर लावून उघडायचा विचार मॅडमनी तिथेच थांबवला, कारण उघडला आणि बंद झाला नाही, किंवा पाइप आत कुजलेला असला तर दाबाचं पाणी सरळ भरावात शिरतं. मग सायफन केला. माथ्यावरून पाइप नेला, दोन्ही तोंडं बंद करून वरून पूर्ण पाणी भरलं, वरचं तोंड पक्कं बंद केलं आणि मग दोन्हीकडचे व्हॉल्व्ह उघडले. सांध्यातून जराशी हवा शिरली की सायफन तुटतो, म्हणून प्रत्येक सांधा तपासायचा. तळ्यातलं तोंड ड्रमला बांधून पाण्याखाली पण गाळाच्या बरंच वर टांगलेलं ठेवलं, आणि खालचं तोंड पायथ्यापासून लांब नेऊन दगडांच्या थरावर सोडलं, नाहीतर सायफनच पायथा उकरून काढेल.

घाई करायची नाही हे सगळ्यात अवघड गेलं. भीती मनात असली की वाटतं एकदाचं रिकामं करून टाकावं. पण तळ्याकडच्या उताराची माती पाण्याने भरलेली असते आणि समोरच्या तळ्याच्या पाण्याचाच तिला टेकू असतो, तळं झपकन उतरवलं तर टेकू जातो, आतलं पाणी मात्र तिथेच राहतं, आणि उतार तळ्यात घसरतो. आम्हाला दिवसाला 30 सेंटीमीटरच्या वर उतरवायचं नाही अशी मर्यादा घालून दिली होती. खांबावर खुणा करून ठेवल्या, खुणेच्या खाली जातंय असं वाटलं की व्हॉल्व्ह थोडा आवळायचा.

त्या दिवसांत रात्री धरणावर आळीपाळीने बसायचो आणि मी जुन्या दुर्घटनांबद्दल वाचत बसायचो. 1889 सालचं जॉन्सटाउन मला विसरता येत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये श्रीमंत लोकांच्या एका क्लबचं खाजगी तळं होतं, मासेमारी आणि बोटिंगसाठी, त्याला साउथ फोर्कचं मातीचं धरण. आधीच्या मालकाने तळाचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले होते, म्हणजे गरज पडली तर तळं उतरवायची सोयच नाही. क्लबने घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला, आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मेच्या मोठ्या पावसात जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउनच्या दरीत 2209 माणसं गेली. आपल्याकडे पानशेत, 12 जुलै 1961, मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, धरण पूर्ण झालेलं नव्हतं, पाणी भरलं, विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या मार्गाच्या, वरचा भराव खचत गेला, जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. आणि लहान धरणांचं काय मनावर घ्यायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण बघावं, छोटं तळं, 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर फुटलं, 39 जण गेले. हे वाचून मी दादाला उठवून दाखवलं, सांडव्याला आमच्याही जाळी होती, आधीपासूनची, माशांसाठीच. सकाळ झाल्यावर पहिलं काम जाळी कापून काढली. मासे जातील तर जातील.

झाडांचा विषय घरात खूप रडवून गेला. कोरड्या उतारावर मोठी झाडं होती, आईने त्यांच्या सावलीत किती तरी दुपारी काढल्यात. पण मोठं झाड धरणावर नकोच. जिवंत मुळं पाण्याला वाट करून देतात, वादळात झाड उन्मळलं तर मुळांबरोबर भरावाचा मोठा लचका जातो, आणि नुसतं कापून बुंधा ठेवला तर आणखी वाईट, मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी आरपार पोकळ नळ्या राहतात. म्हणून तळं उतरल्यावरच, मुळांसकट काढायची, खड्ड्याच्या बाजू उतरत्या करायच्या आणि चांगली माती थराथराने दाबत भरायची. आईने शेवटी स्वतःच सांगितलं, काढा. धरणापासून लांब, कडेच्या पक्क्या जमिनीवर तिने आता नवी रोपं लावलीत. घुशी-उंदरांची बिळंही त्याच वेळी शोधली, उंच गवतात ती दिसतच नाहीत, म्हणून गवत छाटलेलं ठेवायचं.

मग पाइप उघडा केला. पोकलेनने वरून खोदत आलो, बाजू उभ्या न ठेवता चांगल्या उतरत्या, कारण नंतर भरलेली माती बसते तेव्हा उभ्या भिंतीला चिकटून अडकते आणि तिथे फट राहते. पाइपच्या जवळ आल्यावर मशीन बाजूला घेऊन फावड्याने काम. पाइपचा तळ गंजून चाळण झाला होता. पण मला आजही डोळ्यासमोर दिसतं ते पाइपच्या पोटाखालचं, जिथे गोलाई आत वळते तिथे, कारण त्या खाचेत कुणालाच माती नीट ठोकता येत नाही. तिथे पोकळी होती, माझा हात कोपरापर्यंत गेला, आतून गुळगुळीत, पाण्याने घासून घासून झालेली, आणि तळाला धुतलेल्या बारीक वाळूची एक रेघ, चिकण सगळी वाहून गेलेली. मॅडम खाली वाकल्या, टॉर्च मारला, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर उघडलंत." दादा तिथेच खाली बसला.

नव्या पाइपला खाली काँक्रीटचा पाळणा केला, पाइपच्या कमरेपर्यंत, म्हणजे ती अडचणीची खाच उरतच नाही. व्हॉल्व्ह आता तळ्याकडच्या तोंडाला आहे, आधी कोरड्या बाजूला होता, त्यामुळे भरावातून जाणाऱ्या पाइपमध्ये चोवीस तास दाबाचं पाणी उभं असायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोरड्या बाजूकडच्या भागात पाइपच्या भोवती सगळीकडून वाळूची जाड भिंत, ती पायथ्याच्या खडीच्या चराला जोडलेली. जुन्या पद्धतीत पाइपला काँक्रीटच्या कॉलर घालायचे, पाणी अडवायला, पण कॉलरच्या आजूबाजूला माती दाबायला जागाच मिळत नाही. वाळूची भिंत पाण्याला अडवत नाही, ते तिच्यापर्यंत आलं की माती मागे राहते आणि पाणी चरातून शिस्तीत बाहेर.

वाळूची एक गाडी मॅडमनी परत पाठवली. मूठभर वाळू ओली करून दाबली, तळहातावर गोळा तसाच राहिला आणि हाताला चिखल लागला, म्हणजे त्यात बारीक माती जास्त. अशी वाळू पुढे फट पडली तर फट तशीच उभी धरून ठेवते, स्वच्छ वाळू मात्र ढासळून फट स्वतःच भरून काढते. सप्लायर नाराज झाला, आम्ही ठाम राहिलो. मातीचंही तसंच, वाळलेलं ढेकूळ डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात टाकून बघितलं. नुसतं ढासळून ढीग झाला तर ठीक, पण भोवती दुधाळ ढग पसरला तर ती माती पाण्यात आपोआप सुटणारी, धरणाला नको. आमच्याच जागेतल्या दोन ठिकाणच्या मातीत एक पास झाली, दुसरी नाही.

भरताना थर 15 ते 20 सेंटीमीटरचे, त्याच्यावर नाही. ऑपरेटरला जाड थर टाकून लवकर संपवायची सवय असते, पण वरचं दडपलं जातं आणि खाली भुसभुशीतच राहतं. ओलाव्यावर सगळं अवलंबून, कोरडी माती दबत नाही, फार ओली लदलद हलते. मुठीत दाबली की गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, हा आमचा रोजचा अंदाज, आणि त्याच्यावर घनतेची टेस्ट. पुढचा थर टाकायच्या आधी खालच्याचा पृष्ठभाग खरवडून ओला करायचा, नाहीतर दोन थरांमध्ये पाण्याला आडवी वाट मिळते. पाइपजवळ रोलर नाही, हातातलं धुम्मस आणि छोटा रॅमर. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडलं, संध्याकाळी थरावर टाच मारली की घट्ट आवाज यायचा.

माथा मध्यावर थोडा उंच ठेवला, भराव पुढे बसतो म्हणून. सांडवा भरावात नाही, बाजूच्या मूळ जमिनीत आहे, ते जुनंच होतं आणि बरोबर होतं, फक्त रुंद केला आणि त्याची पातळी माथ्यापासून मीटरभर खाली राहील असं बघितलं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते फार वेळ टिकत नाही, म्हणून सांडव्यात फांदी जरी अडकली तरी त्याच दिवशी काढायची.

भरणंसुद्धा टप्प्याने केलं. पहिली भरणी हाच नव्या भरावाचा नाजूक काळ, म्हणून थोडं चढवायचं, व्हॉल्व्ह उघडून तिथेच धरायचं, वही, बरणी, पांढरा तुकडा, माथ्यावर भेगा आहेत का, उतार कुठे फुगलाय का, सगळं बघून मग पुढे. वाळूच्या चरातून आता पाणी येतं, यायलाच हवं, पूर्ण तळ्याला खाचेत तीन सेंटीमीटरच्या आसपास स्थिर आहे आणि बरण्या स्वच्छ आहेत. आजोबांचे फोन अजून येतात.

मागच्या मोठ्या पावसात सांडवा पहिल्यांदा चालला. पाणी गवतावरून पसरून गेलं, फक्त जिथे उतार संपून ओढ्याला मिळतो तिथे डावा कोपरा हातभर खोल खरवडला गेलाय. अशी उकर तशीच सोडली तर दर पुराला वर वर सरकत येते. त्या कोपऱ्याला खाली खडीचा थर देऊन दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायचंय, मापं घेऊन मॅडमना पाठवलीत, ओढा आटला की सुरू करतोय.